संगणक सुरू होताना डिस्कांचा क्रम कोण ठरवतो?

लिनक्स वापरणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेले हे दृश्य आहे. संगणक सुरू केला जातो, परंतु लॉगिनचा नेहमीचा पडदा येण्याऐवजी काळ्या पार्श्वभूमीवर एखाद्या डिस्कचे लांबलचक नाव आणि त्यापुढे सेकंद मोजणारा आकडा दिसू लागतो. तो दीड मिनिटापर्यंत चढतो आणि मग आपण ‘इमर्जन्सी मोड’मध्ये, म्हणजे केवळ दुरुस्तीपुरत्या चालणाऱ्या अवस्थेत आहोत, असा संदेश उमटतो. काल रात्री संगणक उत्तम चालत होता. मध्यंतरी घडले ते एवढेच, की बॅकअपची यूएसबी डिस्क घरातल्या कोणीतरी काढून कपाटात ठेवली. जी डिस्क संगणक सुरू होण्यासाठी लागतच नाही, तिच्यासाठी सगळा कारभार अडून का बसावा?

याच्या नेमका उलटा प्रकारही घडतो आणि तो अधिक घातक आहे. संगणक मुळीच न अडता सुरू होतो, सगळे सुरळीत असल्याचे भासते, आणि फायली मात्र भलत्याच डिस्कवर साठत राहतात. या दोन्ही घटनांचे मूळ एकच आहे: सुरू होताना कोणती फाइल सिस्टिम आधी जोडायची, कोणती नंतर, आणि एखादी जोडता आलीच नाही तर बाकीच्यांनी काय करायचे, याचा निर्णय. (या लेखात आज्ञा, पर्याय आणि फोल्डरांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, यंत्रावर टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.)

सगळ्या डिस्का एकाच झाडावर

विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला सी, डी, ई अशी स्वतंत्र अक्षरे मिळतात. युनिक्स आणि त्याच्या वंशातील लिनक्स, फ्रीबीएसडी यांसारख्या प्रणालींमध्ये तसे नसते. तेथे एकच झाड असते, त्याच्या मुळाची खूण म्हणजे एकटी तिरपी रेघ ‘/’, आणि जगातले सगळे फोल्डर या मुळापासून फुटतात. डिस्कच्या एखाद्या भागावर कोणती फाइल कोठे ठेवली आहे, याचा हिशेब सांभाळणाऱ्या मांडणीला फाइल सिस्टिम म्हणतात. ती मांडणी झाडाच्या एखाद्या फांदीवर नेऊन बसवण्याच्या क्रियेला माउंट करणे म्हणतात. आणि जेथे ती बसवली जाते त्या फोल्डरला माउंट पॉइंट म्हणतात. या तीन शब्दांवर पुढचे जवळजवळ सगळे भागेल.

ही कल्पना जुनी आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९७४ साली युनिक्सची ओळख करून देताना आपल्या यंत्राची जी मांडणी सांगितली, तीत मूळ फोल्डर स्थिर शीर्षाच्या एका लहान डिस्कवर होते, वापरकर्त्यांच्या फायली असलेली मोठी डिस्क प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम स्वतः माउंट करत असे, आणि उरलेल्या चार छोट्या डिस्का ज्याने त्याने आपापल्या गरजेप्रमाणे जोडायच्या होत्या. आधी मूळ, मग नेहमीची मोठी डिस्क, आणि हवे तेव्हा बाकीचे, हा क्रम त्या वर्णनातही स्पष्ट दिसतो. फरक इतकाच, की तेथे डिस्का मोजक्या होत्या आणि आज एखाद्या साध्या सर्व्हरवरही जोडण्यांची यादी दोन पडदे भरून वाहते.

क्रम चुकला तर काय झाकले जाते

जुन्या घरांत मडक्यांची उतरंड असे. सर्वांत मोठे मडके तळाशी आणि त्यावर क्रमाने लहान मडकी. वरचे मडके हवेत ठेवून मागाहून खालचे सरकवता येत नाही, हे सांगण्यासाठी कोणत्याही शास्त्राची गरज नाही. फाइल सिस्टिमचेही तसेच आहे, पण एका फरकाने: संगणकात हवेत ठेवलेले मडके खाली पडत नाही, ते गुपचूप झाकले जाते.

समजा एका डिस्कचा माउंट पॉइंट ‘/डेटा’ आहे आणि दुसरीचा ‘/डेटा/फोटो’. योग्य क्रमात आधी पहिली डिस्क बसते आणि मग तिच्यातल्या ‘फोटो’ या फोल्डरवर दुसरी. आता क्रम उलटा झाला असे समजा. मूळ डिस्कवर त्या नावाचे रिकामे फोल्डर योगायोगाने पडलेले असेल, तर फोटोंची डिस्क त्यावर बिनतक्रार बसते. नंतर ‘/डेटा’ची डिस्क येते आणि संपूर्ण फांदीवर पसरते. फोटोंची डिस्क अजूनही जोडलेलीच असते, पण तिच्यापर्यंत जाणारी वाट बुजलेली असते. कोणतीही सूचना उमटत नाही. यातली एकच समाधानाची बाब म्हणजे झाकलेले काही नष्ट होत नाही. वरची जोडणी काढली की खालचे जसेच्या तसे पुन्हा दिसते.

एफएसटॅबचा सहावा रकाना

कोणती डिस्क कोठे बसवायची, याची यादी ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘एफएसटॅब’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. एका जोडणीची एक ओळ, आणि ओळीत सहा रकाने: कोणती डिस्क, कोठे बसवायची, फाइल सिस्टिमचा प्रकार, पर्याय, डम्प नावाच्या जुन्या बॅकअप साधनासाठीचा आकडा, आणि शेवटी ०, १ किंवा २ यांपैकी एखादा आकडा.

हा शेवटचा आकडा अनेकांची दिशाभूल करतो. मूळ फाइल सिस्टिमपुढे १ आणि इतरांपुढे २ लिहिलेले पाहून हाच माउंटचा क्रम असावा, असा समज सहज होतो, आणि मग कोणी ३, ४, ५ लिहून डिस्कांना रांगेत उभे करण्याचा प्रयत्न करतो. तो आकडा माउंटचा नव्हेच. डिस्क निरोगी आहे की नाही, हे तपासणाऱ्या ‘एफएससीके’ या साधनाने कोणाला आधी तपासायचे, एवढेच तो सांगतो. ० म्हणजे तपासूच नका.

पूर्वी माउंटचा क्रम कशावरून ठरत असे, याचे उत्तर मात्र सोपे होते: ओळींच्या क्रमावरून. सुरू होताना एक स्क्रिप्ट ही फाइल वरून खाली वाचत जाई आणि एकेक डिस्क जोडत जाई. म्हणून ‘/डेटा’ची ओळ वर आणि ‘/डेटा/फोटो’ची ओळ खाली ठेवली की काम झाले. आजही ‘माउंट’ ही आज्ञा सर्व जोडण्या एकदम करण्याच्या पर्यायासह हाताने चालवली, तर ती ओळींच्याच क्रमाने जाते. परंतु संगणक सुरू होताना मात्र बहुतेक लिनक्सवर आता तसे होत नाही, आणि जुन्या सवयीच्या माणसाची फसगत नेमकी येथेच होते.

रांग मोडली आणि पंगत बसली

२०१० साली लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टिमडी ही नवी व्यवस्था पुढे आणली. लिनक्सच्या प्रचलित वितरणांपैकी २०११ मध्ये फेडोरा १५ ने आणि २०१५ मध्ये डेबियन ८ व उबुंटू १५.०४ ने ती मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारली. संगणक सुरू करण्याचे काम एकामागून एक न करता, जे जे एकाच वेळी करता येईल ते ते एकाच वेळी करायचे, हा तिचा गाभा आहे.

लग्नाच्या पंगतीत एकच वाढपी सगळे पदार्थ वाढू लागला तर मीठ-लिंबापासून जिलबीपर्यंत पोहोचेतो पहिली पाने निवून जातील. म्हणून चार-पाच वाढपी एकाच वेळी फिरतात. चटणी आधी आली की कोशिंबीर, याने काही बिघडत नाही. पण भात पडल्याशिवाय वरण वाढता येत नाही. सिस्टिमडीचे काम असेच चालते. ती एफएसटॅब वाचते, प्रत्येक ओळीचे रूपांतर एका स्वतंत्र ‘माउंट युनिट’मध्ये करते (सिस्टिमडी सांभाळते त्या एकेका कामाला युनिट म्हणतात) आणि ओळींचा क्रम बाजूला ठेवून युनिटांमधली नाती शोधते. ‘/डेटा/फोटो’ हा मार्ग ‘/डेटा’च्या पोटात आहे, हे तिला नुसत्या नावावरून कळते आणि त्यांचा क्रम ती आपोआप लावते. ज्यांच्यात असे काही नाते नाही, त्या डिस्का जिची तयारी आधी होईल तिने आधी, अशा प्रकारे जोडल्या जातात. म्हणून एकाच संगणकावर सोमवारी आणि मंगळवारी त्यांचा क्रम वेगळा असू शकतो.

माझ्या मते हा बदल योग्यच होता, पण त्याची किंमत आहे. पूर्वी क्रम डोळ्यांना दिसत होता. आता तो नात्यांमधून निपजतो आणि नाती दिसत नाहीत. त्यामुळे नवा प्रश्न ‘ही ओळ कितव्या क्रमांकावर लिहू?’ असा राहत नाही, तर ‘या डिस्कला कशाची गरज आहे आणि ती गरज यंत्राला कळली आहे का?’ असा होतो.

जेथे यंत्राला नाते कळत नाही

बहुतेक वेळा कळते. एखादे फोल्डर दुसऱ्या ठिकाणीही दिसावे म्हणून केलेल्या ‘बाइंड माउंट’मध्ये मूळ फोल्डर कोठे आहे हे त्या ओळीतच लिहिलेले असते, त्यामुळे तेथेही क्रम आपोआप लागतो. अडचण येते ती खरी गरज मार्गाच्या नावात न दिसता पर्यायांच्या गर्दीत दडलेली असते तेव्हा. ‘ओव्हरलेएफएस’ हे त्याचे नमुनेदार उदाहरण. त्यात दोन-तीन फोल्डरांचे थर एकत्र करून एकच फोल्डर दाखवले जाते, आणि ते थर चौथ्या रकान्यात लिहिलेले असतात. त्यांपैकी एखादा थर दुसऱ्या डिस्कवर असेल, तर ती डिस्क आधी जोडली गेली पाहिजे, हे आपण सांगितल्याशिवाय सिस्टिमडीला समजत नाही. अनेक डिस्का एकत्र करून एकच मोठी डिस्क भासवणाऱ्या ‘मर्जरएफएस’चीही हीच गत आहे.

दुसरे उदाहरण नेटवर्कवरील डिस्कांचे. एनएफएस हा नेटवर्कवरून फायली वाटून घेण्याचा प्रकार पाहताच ही जोडणी नेटवर्कवरची आहे, हे ओळखले जाते आणि तिला नेटवर्क तयार होईपर्यंत थांबवले जाते. पण ‘आयस्कझी’ पद्धतीने दूरच्या यंत्रावरून आलेली डिस्क स्थानिक डिस्कसारखीच दिसते, तिच्यावरची फाइल सिस्टिमही नेहमीची ‘ईएक्सटी४’ असते. तेथे पर्यायांत ‘_नेटडेव्ह’ लिहिले नाही तर यंत्र तिला घरचीच समजते आणि नेटवर्क सुरू होण्याच्या आधीच तिची वाट पाहत बसते.

असे न कळणारे नाते एफएसटॅबच्या चौथ्या रकान्यातच लिहिता येते. ‘एक्स-सिस्टिमडी.रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ या पर्यायापुढे मार्ग दिला की त्या मार्गासाठी लागणाऱ्या सगळ्या जोडण्या आधी होतात. ‘एक्स-सिस्टिमडी.रिक्वायर्स’पुढे विशिष्ट युनिटचे नाव देता येते, आणि ‘एक्स-सिस्टिमडी.आफ्टर’ व ‘एक्स-सिस्टिमडी.बिफोर’ हे पर्याय केवळ आधी-नंतर एवढेच सांगतात.

‘केवळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण गरज आणि क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरण भातानंतर यावे, हा झाला क्रम. भातच आला नाही तर वरण वाढायचे की नाही, हा झाला गरजेचा प्रश्न. ‘आफ्टर’ पहिल्याचे उत्तर देतो, दुसऱ्याविषयी मौन पाळतो: आधीची डिस्क जोडली जावो अथवा तिचा प्रयत्न फसो, तो आटोपला की पुढची जोडणी सुरू होते. युनिटच्या स्वतःच्या फाइलमध्ये नुसते ‘रिक्वायर्स’ लिहिले तर उलटे घडते. दुसरी डिस्क हवी आहे हे कळते, पण दोघींना एकाच वेळी हाक मारली जाते. एफएसटॅबमध्ये लिहिण्याचा ‘एक्स-सिस्टिमडी.रिक्वायर्स’ मात्र दोन्ही गोष्टी एकदम सांगतो. ही विसंगती कोणालाही गोंधळात टाकेल अशीच आहे, आणि तीवर शांतपणे वाचण्याखेरीज उपाय नाही.

‘मग सगळीकडे नोफेल लिहून टाकू’

सुरुवातीच्या काळ्या पडद्याचे कारण आता सांगता येईल. एफएसटॅबमधली कोणतीही साधी ओळ म्हणजे ‘ही डिस्क अनिवार्य आहे’ अशी घोषणा असते. सगळ्या स्थानिक डिस्का जोडल्या गेल्याची खूण म्हणून सिस्टिमडीत ‘लोकल-एफएस.टार्गेट’ नावाचा टप्पा आहे. एखादी डिस्क ९० सेकंदांत सापडली नाही तर तो टप्पा फसतो आणि यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये जाते. कपाटातल्या बॅकअपच्या डिस्कपुढे ‘नोफेल’ हा पर्याय लिहिला असता तर हे टळले असते.

पण नोफेलचा अर्थ ‘नाही मिळाली तर चालेल’ एवढाच नाही. ‘तिच्यासाठी थांबूही नका’ हाही त्याचा अर्थ आहे, आणि माझी ठेच याच दुसऱ्या अर्थाला लागली. घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर कुटुंबाचे फोटो साठवणारी एक सर्व्हिस, म्हणजे पार्श्वभूमीवर सतत चालणारा प्रोग्राम, मी बसवली होती आणि फोटोंसाठी बाहेरून लावलेली डिस्क नोफेलसह जोडली होती. पावसाळ्यात वीज गेली, आली, संगणक आपला आपण सुरू झाला. बाहेरची डिस्क फिरू लागायला वेळ घेत होती, सर्व्हिसला घाई होती. तिला ‘/डेटा/फोटो’ हे फोल्डर दिसले, ते रिकामे होते, आणि तिने त्यात नव्याने संसार मांडला. काही क्षणांनी डिस्क आली आणि त्या फोल्डरावर बसली. सर्व्हिसने उघडून ठेवलेल्या फायली मात्र खालच्याच राहिल्या. पुढे काही आठवडे वीज ये-जा करत राहिली आणि नवे फोटो कधी डिस्कवर, तर कधी तिच्याखाली असे विखुरत गेले.

उलगडा झाला तो मूळ डिस्क भरल्यावर. ‘डीएफ’ ही आज्ञा डिस्क पूर्ण भरल्याचे सांगत होती, आणि ‘डीयू’ने सगळ्या फोल्डरांची बेरीज केली तर ती त्याच्या जवळपासही जात नव्हती. या दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली की अजून उघड्या असलेल्या पण खोडलेल्या फायली, किंवा मग झाकलेले फोल्डर, असा संशय घ्यावा. मूळ फाइल सिस्टिम दुसऱ्या एका फोल्डरावर बाइंड करून पाहिली, तेव्हा डिस्कखाली दडलेले सगळे फोटो तेथे सुखरूप सापडले.

यावरचा उपाय नोफेल काढून टाकणे हा नव्हे. तो काढला तर पुन्हा काळा पडदा. उपाय असा, की डिस्क संगणकासाठी ऐच्छिक ठेवावी आणि सर्व्हिससाठी अनिवार्य करावी. सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ या ओळीपुढे फोटोंचा मार्ग लिहिला की डिस्क जोडली जाईपर्यंत सर्व्हिस थांबते आणि डिस्क आलीच नाही तर सुरूच होत नाही. संगणक मात्र चालू राहतो. अनेकजण क्रमाचा प्रश्न एफएसटॅबमध्येच सोडवू पाहतात, पण गरज ज्याची आहे त्याच्याच फाइलमध्ये ती लिहिणे अधिक रास्त. जोडीला एक खबरदारी: डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरावर ‘चॅटर’ आज्ञेने अपरिवर्तनीयतेची खूण करून ठेवावी. मग डिस्क नसताना सर्वाधिकार असलेल्या रूट वापरकर्त्यालाही त्यात काही लिहिता येत नाही, आणि डिस्क बसायला मात्र त्या खुणेची आडकाठी होत नाही.

‘त्यापेक्षा तीस सेकंद थांबवले तर?’

सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ‘स्लीप’ ही आज्ञा घालून काही सेकंद वाट पाहायची आणि मग डिस्क जोडायची, हा उपाय फार लोकप्रिय आहे आणि बहुतेक वेळा चालतोही. तो न चालण्याचा दिवस मात्र आपण निवडत नाही. डिस्क तपासणीसाठी अडली किंवा नेटवर्कचा राउटर संगणकापेक्षा उशिरा जागा झाला, की तीस सेकंद अपुरे पडतात; आणि एरवी रोज ते विनाकारण वाया जातात. वेळ हा गरजेचा अंदाज आहे, गरज नव्हे.

ज्या डिस्का क्वचितच लागतात, त्यांच्यासाठी ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ हा पर्याय मला अधिक पसंत आहे. त्यात सुरू होताना डिस्क जोडलीच जात नाही. त्या जागी एक पहारेकरी बसतो आणि कोणी फोल्डर उघडू लागले की डिस्क तेव्हा जोडली जाते. डिस्क नसेल तर उघडणाऱ्याला चूक कळवली जाते, खालच्या रिकाम्या फोल्डरात लिहिण्याची मुभा मिळत नाही.

नाती लिहिताना अतिरेक झाला तर काय होते, हेही सांगायला हवे. एकाने दुसऱ्याची आणि दुसऱ्याने पहिल्याची वाट पाहायची, असे चक्र तयार होऊ शकते. नेटवर्क लागणारी डिस्क घरची समजली गेली आणि नेटवर्क मात्र घरच्या डिस्कांनंतर सुरू होणार असेल, तर ते चक्र पूर्ण होते. सिस्टिमडी अशा वेळी अडून बसत नाही, चक्रातले एखादे काम स्वतःच गाळून टाकते आणि नोंदवहीत तसे लिहून ठेवते. गाळलेले काम नेमके आपल्याला हवे असलेले असू शकते. म्हणून ती नोंदवही दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेमध्ये ‘ऑर्डरिंग सायकल’ हे शब्द दिसले तर दुर्लक्ष करू नये.

इतर घराण्यांत

सिस्टिमडी सर्वत्र नाही. नेटबीएसडी या युनिक्सच्याच वंशातील प्रणालीने २००० साली आपल्या १.५ या आवृत्तीत ‘आरसीऑर्डर’ नावाचे साधन आणले. प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर ती काय पुरवते आणि तिला काय लागते हे लिहायचे, आणि त्यावरून या साधनाने क्रम लावायचा. म्हणजे रांगेऐवजी नाती, हा विचार सिस्टिमडीच्या बराच आधीचा आहे. फ्रीबीएसडीने तेच साधन घेतले. तेथे एफएसटॅबमध्ये ‘लेट’ हा पर्याय लिहिला की ती डिस्क नेटवर्कवरच्या जोडण्यांनंतर जोडली जाते, आणि ‘फेलओके’ हा पर्याय तेथील नोफेल आहे.

पुन्हा सुरू करण्यापूर्वी

एफएसटॅब बदलल्यावर ताबडतोब संगणक पुन्हा सुरू करणे हा धाडसी मार्ग आहे, विशेषतः यंत्र दुसऱ्या गावी असेल तर. आधी ‘फाइंडएमएनटी’ ही आज्ञा ‘व्हेरिफाय’ पर्यायासह चालवावी. ती फाइलमधल्या ढोबळ चुका दाखवते. मग ‘सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड’ करावे, कारण त्याशिवाय सिस्टिमडी जुनीच यादी धरून असते. त्यानंतर ‘सिस्टिमसीटीएल’लाच एखाद्या युनिटची नाती विचारता येतात. युनिटचे नाव मार्गावरूनच बनते, तिरप्या रेघेच्या जागी आडवी रेघ घालून: ‘/डेटा/फोटो’चे युनिट ‘डेटा-फोटो.माउंट’. डिस्कची ओळख ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशा नावांनी न देता यूयूआयडीने, म्हणजे प्रत्येक फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाने द्यावी, कारण ती नावे डिस्क कोणत्या क्रमाने सापडली यावर ठरतात आणि क्रम बदलतो, हे आपण पाहिलेच.

काळा पडदा आलाच, तर पासवर्ड देऊन आत शिरता येते. मूळ फाइल सिस्टिम केवळ वाचण्यापुरती जोडलेली असल्यास ‘रीमाउंट’ पर्यायाने ती लिहिण्याजोगी करावी, दोषी ओळीच्या सुरुवातीला ‘#’ ही खूण घालावी आणि पुन्हा सुरू करावे.

बंद करतानाही हीच नाती उपयोगी पडतात, फक्त उलट्या दिशेने, कारण उतरंड उतरवताना वरचे मडके आधी काढावे लागते. एखादी नेटवर्कवरची डिस्क नेटवर्कनंतर जोडायची आहे, हे यंत्राला माहीत असेल तर बंद होताना ती नेटवर्कच्या आधी सोडली जाते. ते माहीत नसेल तर नेटवर्क आधी जाते, डिस्कवर लिहायचे राहून गेलेले लिहिता येत नाही, आणि बंद करण्याची आज्ञा दिलेला संगणक कितीतरी वेळ बंदच होत नाही.